मुईच्या हातच्या वड्या

दाबाक गावात कुणाचा गुडघा धरला की माणूस आधी मुईकडे जाई, आणि तिच्याकडच्या वड्या संपलेल्या असल्या तरच दवाखान्यात. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना हे ठाऊक होतं. त्यांना त्याचा राग यायचं कारण नव्हतं, कारण नव्या वर्षाच्या सणाआधी त्या स्वतःच आईसाठी मुईकडून दोन वड्या नेत असत.

वडी दिसायला अगदी साधी. काळपट तपकिरी, वापरून अर्धी झालेल्या साबणाएवढी, बोटाने दाबली तर किंचित दबणारी. सुरीने पातळ कापटा काढायचा, गरम पेजेत विरघळवायचा नाहीतर भाताच्या दारूत मुरवायचा आणि महिनाभर घ्यायचा. कंबर, गुडघे, बाळंतिणीची पाठ, म्हाताऱ्यांची उडालेली झोप, सगळ्यावर चालायची. पांढऱ्या चड्डीच्या वानराच्या हाडांची वडी होती ती. हे वानर अंगाने काळं कुळकुळीत, फक्त कमरेपासून मांड्यांपर्यंत पांढरं शुभ्र. कुणाची तरी वाळत घातलेली चड्डी पळवून अंगात घातल्यासारखं. चुनखडीच्या उभ्या कड्यांवर राहतं आणि पाल्याखेरीज कशाला तोंड लावत नाही. डोंगरावरच्या शंभर झाडांचा पाला त्याच्या पोटात जातो, म्हणजे शंभर औषधं त्याच्या हाडांत उतरतात, असं गावातल्या जुन्या माणसांचं शास्त्र. वानराला यात कुणी काही विचारलं नव्हतं.

मुई लग्न होऊन दाबाकात आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिचा जन्म बारा जनावरांच्या पंचांगातल्या शेळीच्या वर्षातला, म्हणून बापाने डोक्याला फार ताण न देता त्या वर्षाचंच नाव, मुई, तिला चिकटवलं होतं. नवरा हुआन नुकताच लढाईवरून परतलेला. नेम पक्का आणि पाय त्याहून पक्के. ज्या कड्यांकडे नुसतं बघून बाकीच्यांची मान दुखायची तिथे तो खारीसारखा चढे. वानरं संध्याकाळी झोपायला ठरलेल्या गुहांत जातात, आणि वर्षानुवर्षं तिथेच मुतत असल्यामुळे गुहेखाली कड्यावर तांबूस ओघळ उमटलेले असतात. शिकाऱ्याला पत्ता विचारत हिंडावं लागत नसे. वानरांनी तो भिंतीवर लिहूनच ठेवलेला असे. हुआन गुहेच्या वर जाऊन बसे आणि झोपायला आलेल्यांना घेऊन खाली उतरे. पुढचं काम सासूचं, आणि सासूने हात टेकल्यावर मुईचं. हाडं घासून धुवायची, आल्याच्या रसात आणि दारूत भिजवायची, मोठ्या हंड्यात पाच दिवस उकळायची, गाळायची, आटवायची, ताटात ओतायची. सासू मरताना म्हणाली होती, "हात चांगलाय पोरीचा." तिच्या तोंडून मुईला मिळालेली ही एवढीच शाबासकी.

नऊ वर्षं असं चाललं. वानरं कमी होत गेली तसा हुआन आणखी लांब, आणखी उंच जाऊ लागला. एकदा तीन दिवसांनी एक मादी घेऊन आला. तिला घट्ट धरून एक पिल्लू होतं, जिवंत. या वानरांची पिल्लं नारिंगी असतात, पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखी. मुईची धाकटी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. मुईने पिल्लाला तांदळाचं पाणी कापसाच्या बोळ्याने पाजून बघितलं, बकरीचं दूध पाजून बघितलं. ते पीत नव्हतं, रडतही नव्हतं, नुसतं तिच्या बाहीला धरून बसायचं. तिसऱ्या दिवशी पकड सुटली.

असं पिल्लू दारूच्या बरणीत घालायची रीत होती. चांगली किंमत येई. संध्याकाळी हुआनने विचारलं, "पिल्लू कुठाय गं?"

"पुरलं."

"पुरलं? डोकं फिरलंय का तुझं? बरणीत नाही का घालायचं?"

"बरणी रिकामी नव्हती."

रिकामी होती. या धंद्यातलं मुईचं हे पहिलं खोटं. पिल्लाच्या आईच्या हाडांच्या तीन वड्या झाल्या. दोन गेल्या. तिसरी तिने चहाच्या पत्र्याच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली. का ठेवली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पुढच्याच महिन्यात ओल्या कड्यावरून हुआनचा पाय सुटला. खाली झुडूप होतं म्हणून जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं. चार जणांनी बांबूच्या झोळीतून त्याला घरी आणलं. त्यानंतर तो काठीशिवाय अंगणाच्या फाटकापर्यंतसुद्धा गेला नाही.

गिऱ्हाइकांना याचं वाईट वाटलं. वाईट वाटून घेऊन त्यांनी विचारलं, "बरं, मग वड्या कधी?"

पहिला निरोप तेओ आजीचा आला. तेओ आजी म्हणजे गाव-समितीच्या अध्यक्षांची आई. तिला नाही म्हणायची अध्यक्षांचीही हिंमत नव्हती. निरोप असा, की गुडघ्याने अंथरूण धरायला लावलंय, मुईला म्हणावं चार वड्या पाठव. मुईने फळीवरचा डबा काढला, उघडला, आतल्या वडीकडे बघितलं आणि झाकण लावून पुन्हा वर ठेवला. मग टोपी घातली आणि हमरस्त्यावरच्या बकऱ्याच्या मटणाच्या खाणावळीत गेली.

"हाडं असतील तर द्या हो. कुत्र्याला हवीत."

बकऱ्या याच डोंगरांवर चरतात. मुईने ती हाडं अगदी सासूने शिकवल्याप्रमाणे घासली, भिजवली, पाच दिवस उकळली. मनात धाकधूक होती म्हणून आलं जरा जास्त घातलं आणि थोडी दालचिनी. रंग तोच आला. वास मात्र आधीच्यापेक्षा बरा आला, तेवढी एक पंचाईत.

महिन्याने तेओ आजी स्वतःच्या पायांनी बाजारात गेली, कोंबडी विकणाऱ्या बाईशी भांडली आणि चालत परत आली. येता येता मुईच्या दारात थांबून म्हणाली, "हुआन पडला ते एका परीने बरं झालं म्हणायचं. आधीची वडी एवढी लागू पडत नव्हती. कुणाकडून घेतेस गं हाडं?"

"डोंगरापलीकडचा एक जण आहे," मुई म्हणाली.

खाणावळीतला कुत्रा धरला तर हे तिसरं खोटं. हुआनलाही तिने हेच सांगितलं. मग खोट्यांची गणती राहिली नाही.

दोन वर्षं पलीकडच्या त्या माणसावर घर चाललं. हुआनला त्याचा फार हेवा वाटे. "कुठल्या गुहेत मारतो, विचारलंस का?" तो विचारी. "एकटाच आहे का? एकट्याला एवढी मिळतात म्हणजे पाय चांगले असणार." स्वतःही रोज सकाळी पेजेतून एक कापटा घेई. कंबर हळूहळू सुधारली, आणि एक दिवस काठी टेकत टेकत तो थेट हमरस्त्यापर्यंत गेला. खाणावळवाल्याने त्याला खुर्ची दिली, पेला भरला आणि कौतुकाने म्हणाला, "तुमचा कुत्रा भलताच खातो हो!"

"आमच्याकडे कुत्रा नाही," हुआन म्हणाला.

परत आला तेव्हा मुई हंड्याखाली लाकडं सारत होती. तो चुलीपाशी बसला, बांबूची गुडगुडी ओढली, धूर सोडला आणि हंड्यात डोकावला.

"पलीकडचा माणूस कसाय?" त्याने विचारलं.

"बराय."

"शिंगं आहेत का त्याला?"

मुईने वर बघितलं नाही. "आहेत. दाढी पण आहे."

"आणि माझी कंबर? तीही बकरीवरच?"

"अहो, चालताय ना? मग झालं तर. त्याच डोंगरावरचा तोच पाला ती खाते. पोटात जाऊन वेगळा होतो का?"

हुआनला हे फार लागलं. वानरं मिळत नसती तर त्याला चाललं असतं, बायको उपाशी राहिली असती तरी कदाचित चाललं असतं. पण आपण नऊ वर्षं जीव धोक्यात घालून जे आणत होतो ते खाणावळीच्या मागच्या टोपलीत पडलेलं असतं, हे पचवणं जड होतं. आठ दिवस तो बायकोशी बोलला नाही. नवव्या दिवशी लाकडं फोडायला बसला. पेजेतला कापटा त्याने बंद केला नाही.

गावात तेव्हा आणखी दोन शिकारी होते. त्यांच्या वड्या अस्सल होत्या, आणि हेच त्यांचं दुर्दैव. लोक त्या नाकाशी नेत आणि तोंड वाकडं करत. "मुईच्या हातचीला असा घाण वास नसतो." कुणी शंका विचारायला मुईकडे वडी घेऊन आलं, तर ती एक शब्दही वाईट बोलत नसे. वडी हातात घेई, वास घेई, उजेडात धरी, आणि फार सभ्यपणे परत देई. एवढं पुरे. तीन-चार वर्षांत एकाने बंदूक विकून बदकं पाळली. दुसरा चुनखडीच्या खाणीवर सुरुंग लावायला गेला. तिथे डोंगरच्या डोंगर फोडायला परवाना होता आणि वानराच्या मागे धावावं लागत नव्हतं. मुईला त्यांचं वाईट वाटलं नाही. धंदा म्हटला की हे आलंच.

असं पंधरा-सोळा वर्षं चाललं. मग दुर्बीण घेतलेला एक परदेशी माणूस आला, होडीतून कड्यांखालच्या पाणथळीत दहा दिवस फिरला आणि आनंदाने रडला. जगातून जवळजवळ संपलेली वानरं दाबाकच्या कड्यांवर होती, चांगली चाळीसेक. गावाला नवल वाटलं. इतकी कशी उरली, हे कुणालाच कळेना. वर्षभरात डोंगर राखीव झाले, पाणथळीच्या काठाने चार फलक लागले, आणि लाम नावाचा वनरक्षक बदली होऊन आला.

लाम तिशीतला, सरळ, नियम तोंडपाठ असलेला आणि ते सगळे खरे मानणारा. गावात आल्यापासून त्याच्या कानावर एकच नाव येत होतं. चहाच्या टपरीवर त्याने सहज मान चोळली तरी कुणीतरी आपुलकीने म्हणे, "मुई वहिनीची वडी घ्या साहेब, सतरा वर्षं आम्ही घेतोय." चौथ्या की पाचव्या वेळी त्याने वही काढली. आणि एका सकाळी दोन माणसं घेऊन तो मुईच्या दारात उभा राहिला. हंडा, गाळणी, ताटं आणि एक्केचाळीस वड्या जप्त झाल्या. एक्केचाळिसावी चहाच्या डब्यातली.

चौकशी गावच्या सभाघरात झाली. अध्यक्षांना त्या दिवशी सकाळीच ताप भरला होता. वड्या वानराच्या निघाल्या तर त्यांच्या आईने गुन्ह्याचा माल खाल्लेला, आणि नाही निघाल्या तर आई मूर्ख ठरलेली. अशा वेळी अंथरुणाइतकी सुरक्षित जागा नाही. बाकी गाव झाडून हजर होतं.

"काकू, एका वानरात किती वड्या निघतात?" लामने विचारलं.

"तीन. हाडं मोठी असली तर चार."

"इथे एक्केचाळीस आहेत. म्हणजे दहा-बारा वानरं. आणि अशा वर्षाला साठेक वड्या, सतरा वर्षं." त्याने वहीत काहीतरी लिहिलं, पुन्हा लिहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "तीनशेच्या वर होतात, काकू. तीनशे! तुम्ही एकटीने तीनशे वानरं उकळलीत?"

सभाघरात कौतुकाची कुजबुज झाली.

मुईपुढे दोन दारं होती आणि दोन्ही वाईट. वानर म्हटलं तर तुरुंग. बकरी म्हटलं तर तुरुंग नाही, पण या समोर बसलेल्या सगळ्यांच्या तोंडाकडे उरलेला जन्म बघायचं. तिने खरोखर विचार केला, आणि विचार करताना तिला आपलंच नवल वाटलं, कारण मन तुरुंगाकडे झुकत होतं.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. हुआन उभा राहिला होता.

"तिला काय विचारताय? हाडं आणणारा मी. सगळी मी मारली."

"तुम्ही?" लामने त्याच्या काठीकडे बघितलं. "केव्हा?"

"गेल्या वर्षापर्यंत. तीनशे दहा."

लोक हसले. बदकंवाला तर डोळे पुसायला लागला. "हुआनदादा, तुला सभाघराच्या पायऱ्या चढवायला आम्ही दोघं लागलो रे!" हुआनचे कान लाल झाले, पण तो बसला नाही. सतरा वर्षं झोळीतून आणलेला माणूस म्हणून जगल्यावर तीनशे दहा वानरांचा गुन्हेगार व्हायची संधी त्याला सोडवत नव्हती. बायकोसाठीही असेल. मुईला त्यातलं दोन्ही दिसलं, आणि लामने हुआनचं नाव वहीत लिहायला सुरुवात केली तेव्हा ती उठली.

"खोडा ते. बकरीची आहेत."

"काय?"

"वड्या. बकरीच्या हाडांच्या. सतराही वर्षं."

मग तेओ आजी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पुढच्या बाकावरून ताडकन उठली.

"खोटं बोलते ही! साहेब, घाबरून खोटं बोलतेय बिचारी. हे माझे गुडघे बघा. बकरी खाऊन असे गुडघे होतात का?" आणि तिने सभाघराच्या मध्यभागी दोनदा बसून उठून दाखवलं. "अस्सल वानर आहे, अस्सल! मी शपथेवर सांगते."

एकीने सांगितल्यावर बाकीच्यांना धीर आला. एकीची पाठ, एकाचा खांदा, एकाला साठीत झालेला मुलगा. एकेक जण उठून मुईच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देऊ लागला. ग्वाही देणाऱ्यांचे डोळे पाण्याने भरले होते. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी अर्जच तयार केला: श्रीमती दिन्ह थी मुई या सज्जन बाई असून त्यांनी आजवर शुद्ध वानराशिवाय काही विकलेले नाही, तरी त्यांना सोडून द्यावे. खाली त्रेसष्ट अंगठे. लामने तो अर्ज पुराव्याच्या फायलीत लावला.

नमुने हनोईला तपासायला जाणार होते. लाम पुड्या बांधत असताना मुई जवळ आली आणि चहाच्या डब्यातल्या वडीवर बोट ठेवलं.

"हिची पुडी वेगळी करा. ही खरी आहे."

लामने मान वर केली. "खरी होती, तर विकली का नाही?"

"तशीच."

"कुणासाठी ठेवली होती?"

"कुणासाठी नाही. तुम्ही लिहा ना, खरी आहे म्हणून."

त्याने लिहिलं. घरी जाऊन तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला म्हणे. गुन्हा नाकबूल करणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. चाळीस नाकबूल करून एक आपणहून हातात देणारी पहिलीच.

सहा आठवड्यांनी निकाल आला. चाळीस बकरीच्या, एक वानराची. ती एक सतरा-अठरा वर्षांपूर्वीची, डोंगर राखीव होण्याआधीची असल्यामुळे नोंद करून जप्त झाली आणि विषय मिटला. बकरीच्या चाळीस वड्या मात्र कायद्याने मुईच्या मालकीच्या होत्या, त्या पोच घेऊन, शिक्के मारून परत आल्या. खांबावरच्या कर्ण्याने पहाटेच्या बातम्यांत, भाताच्या किडीची सूचना आणि लसीकरणाची तारीख यांच्या मध्ये, सगळ्या गावाला निकाल ऐकवला.

त्याच दुपारी तेओ आजीचा गुडघा धरला. संध्याकाळपर्यंत बदकंवाल्याच्या बायकोची पाठ गेली. आठवड्याभरात अर्धं दाबाक लंगडत होतं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरबाई पहिल्यांदाच जेवायला उशिरा घरी जाऊ लागल्या. आजीने लामला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि अंथरुणावरूनच झापलं, "सतरा वर्षं चालत होते मी. तुझ्या एका कागदाने मला झोपवलं. कुणी सांगितलं होतं रे तुला तपासायला?"

फसवणुकीचा गुन्हा आता उभा राहायला हवा होता. पण त्याला फिर्यादी लागतो. आणि फिर्याद द्यायची तर लिहावं लागे की मी वानराची वडी समजून-उमजून विकत घेतली, म्हणजे फिर्यादी आधी आत. कुणी पुढे आलं नाही. मुई सुटली.

सुटली, पण गावाने तिला वाळीतच टाकलं म्हणायचं. ती तुरुंगात गेली असती तर याच लोकांनी आळीपाळीने डबे पोचवले असते. तीनशे वानरं मारणारी बाई त्यांना आपली वाटत होती. एकही न मारणारीने त्यांचा विश्वासघात केला होता. विहिरीवर ती आली की गप्पा थांबत. पाणथळीत पाहुण्यांसाठी होड्या सुरू झाल्या, प्रत्येक घरातल्या बाईला वल्हवायची पाळी लागली, पण मुईचं नाव यादीत आलं नाही. बायका म्हणाल्या, "ही पाहुण्यांना बदक दाखवून वानर म्हणून सांगेल."

लाम एकदा तिच्या अंगणात येऊन बसला. हातात अहवालाचा कागद होता.

"काकू, मी पुन्हा सगळं मांडून बघितलं. तुम्ही खऱ्या विकल्या असत्या, किंवा त्या दोन शिकाऱ्यांच्या विकल्या गेल्या असत्या, तर ही चाळीस वानरंही उरली नसती. मी तसं लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं."

"का?"

"म्हणाले, सरकारी अहवालात भेसळीला श्रेय देता येत नाही. त्याजागी लिहायला लावलं, फलकांमुळे जनजागृती झाली."

"फलक तर परवा लागले."

"हो."

मुई आलं सोलत होती. तिचा हात थांबला नाही. "उगाच माझ्या डोक्यावर काही ठेवू नका, लामभाऊ. मी वानरं वाचवायला बसले नव्हते. हाडं फुकट मिळत होती."

"मग ती एक?"

तिने आल्याची सालं गोळा केली. मग म्हणाली, "चहा घेणार का?"

पावसाळा संपता संपता तेओ आजी आली. नातवाच्या सायकलच्या मागे बसून, दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना. नातवाला तिने फाटकाबाहेरच पिटाळलं आणि मुईच्या मनगटाला धरून कुजबुजली, "मला माहितीय तू काय काय विकलंस ते. राग आहेच. पण एखादी तरी खरी उरली असेल ना गं? जुनी? हुआनच्या वेळची?"

खरी एक होती, ती सरकारकडे गेली होती. मुईने आजीच्या पायांकडे बघितलं. सुजलेले होते. नव्वदीला टेकलेली बाई ऊन अंगावर घेत आली होती.

"आहे," मुई म्हणाली. "एकच आहे. कुणाला बोलणार नाही ना?"

"देवाशप्पथ."

मुई आत गेली. शिक्क्याच्या कागदात बांधलेल्या चाळिसांतली एक काढली, कागद चुलीत घातला, वडी केळीच्या पानात गुंडाळली आणि बाहेर आणून दिली. आजीने नाकाशी धरली, डोळे मिटले. "हा बघ वास," ती म्हणाली. "याला म्हणतात वानर. कळतं गं, खाणाऱ्याला कळतं."

नव्या चंद्राच्या सुमारास आजी बाजारात दिसली. लामलाही दिसली. संध्याकाळी तो मुईच्या फाटकाशी सायकल थांबवून उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. "उद्या वारा असेल म्हणतात," तो म्हणाला आणि निघून गेला.

पुढच्या महिन्यात होडीच्या यादीत मुईचं नाव लागलं. कुणी लावलं हे कुणी सांगितलं नाही; एवढंच कळलं, की अध्यक्षांच्या घरात सकाळी बरंच मोठ्याने बोलणं झालं आणि त्यातला एकच आवाज बाईचा होता. लामच्या गस्तीच्या लोकांना गुहा ठाऊक नव्हत्या, म्हणून हुआनलाही बोलावणं आलं. चढायचं नव्हतं, होडीत बसून काठीने दाखवायचं होतं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला.

पहिल्या दिवशी पाहुणे नव्हते. मुई वल्हवत होती, हुआन पुढे बसून कडे वाचत होता. वळणापाशी त्याने काठी वर केली. वर, झाडाच्या फांद्यांत, नऊ-दहा वानरं बसली होती. मुईने वल्हं थांबवलं. पंचवीस वर्षं या जनावराच्या नावावर तिने संसार केला होता, पण जिवंत, आपलं आपण बसलेलं, ती पहिल्यांदा बघत होती. एक पाठ खाजवत होतं. एक पाला ओरबाडून चावत होतं, चावून झालं की तसंच बसून राहत होतं, मग पुन्हा.

"दिवसभर हेच करतात?" तिने विचारलं.

"हेच. खायचं, आणि जिरेपर्यंत बसायचं."

"आणि तुम्ही यांच्यामागे नऊ वर्षं धावलात."

"हळू बोल. पळतील."

ती पळाली नाहीत. त्यातल्या एका मोठ्याने खाली होडीकडे बघितलं, रस वाटला नाही, आणि तोंड फिरवलं. हुआन कुजबुजला, "त्या मधल्या गुहेत झोपतात. नाही, डावीकडच्या. थांब, जरा पुढे घे."

"पुढे खडक आहे."

"मी काय आज बघतोय का हे पाणी? घे पुढे."

मुईने पुढे घेतली. होडीचा तळ खडकाला खरवडला, आणि वर वानरं पाल्यातून उड्या मारत दिसेनाशी झाली.

"बघितलंस?" हुआन म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत ना पुढे घे म्हणून!"

"जरा म्हणालो होतो. जरा!"

होडी मोकळी करायला त्यांना अर्धा तास लागला, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत भांडण संपलं नव्हतं.